दोन खोंड आणि मोबाईलवर आलेले फोटो : निपाणी भागातले एक प्रकरण

निपाणी तालुक्यात वेदगंगेकाठच्या एका गावात सात-आठ घरांच्या मिळून पंचवीस-तीस खिल्लार गाई आहेत. गावचा वळू थकला होता, आणि मुख्य म्हणजे त्याच्याच कालवडी आता माजावर येऊ लागल्या होत्या. बापाखाली लेक लावायची नाही हे गावाला कुणी शिकवावे लागत नाही. दवाखान्यात कृत्रिम रेतनाच्या कांड्या, म्हणजे गोठवलेल्या वीर्याच्या नळ्या मिळतात, पण तिथली मागणी एचएफ, जर्सी या विदेशी गाईंची आणि मुऱ्हा म्हशीची. खिल्लारची कांडी हवी त्या दिवशी मिळेलच याची खात्री नाही. शिवाय खिल्लार गाईचा माज बरेचदा मुका असतो. माणसाच्या नजरेतून निसटलेला माज वळूच्या नाकातून निसटत नाही. म्हणून गटाने पैसे काढून वळूच घ्यायचे ठरवले.

माघाचा महिना होता, चिंचलीच्या मायाक्काची यात्रा तोंडावर आलेली. रायबाग तालुक्यातल्या या यात्रेत जनावरांचा मोठा बाजार भरतो. पण आता बाजार भरण्याआधीच अर्धा सौदा मोबाईलवर झालेला असतो. त्यात मे 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्र, कर्नाटक आणि तामिळनाडू या तिन्ही राज्यांचे जनावरांच्या शर्यती-खेळांना परवानगी देणारे कायदे ग्राह्य धरल्यापासून शर्यतीच्या खोंडांच्या किमतीला धरबंद उरलेला नाही. पैदाशीच्या वळूचा दरही त्याच हवेत ठरतो, आणि तिथेच घोळ होतो. पळणारा खोंड आणि गावाला दहा चांगली वासरे देणारा वळू एकच असेल असे नाही.

गटाकडे दोन खोंडांचे फोटो आले. एक अथणीकडचा, एक चिकोडी तालुक्यातला. दोन्ही खिल्लार. गटातले सर्वांत वडीलधारे आप्पा फोन घेऊन माझ्याकडे आले आणि बसायच्या आधीच निकाल देऊन मोकळे झाले.

“डॉक्टर, पयला नादखुळा हाय. दुसरा हाडकलाय. तुमी फकस्त होय म्हणा.”

त्यांच्यासोबत आलेला पुतण्या गप्प होता. फोटो त्याच्याच फोनवर होते, आणि त्याने ते मोठे करून करून पाहिले असावेत.

पहिला खोंड

अथणीच्या खोंडाचे पाच फोटो आणि खाली मजकूर : एक नंबर ब्लडलाईन, क्वालिटी फुल्ल. शिंगांना गुलाबी-निळा रंग, कपाळाला गोंडे, गळ्यात घुंगरमाळ, अंगावर आरशांची झूल. दिसायला देखणाच. पण झूल, माळ आणि गोंडे काढून उरतो तोच वळू आपण विकत घेणार असतो, म्हणून मी आधी झाकलेल्या जागा मोजल्या. पाचपैकी चार फोटोंत पाठ आणि कंबर झुलीखाली. मागून काढलेला एकही फोटो नाही. मुतण्याची जागा आणि आंड एकाही फोटोत धड दिसत नाहीत. चारही खूर गवतात किंवा पेंढ्यात. पैदाशीच्या वळूत जे बघायचे असते, नेमके तेवढेच वगळलेले.

मग कॅमेरा कुठे होता ते पाहिले. फोटो काढणारा खाली बसलेला आणि खोंडाच्या छातीच्या अगदी जवळ. मोबाईलच्या साध्या लेन्सला जवळची वस्तू मोठी दाखवायची खोडच असते. छाती, मान, वशिंड भरदार दिसते, मागचा भाग आपोआप निमुळता होतो, आणि खालून काढल्याने उंची वाढते ती वेगळीच. हे ओळखायला यंत्र लागत नाही. पुढचा खूर आणि मागचा खूर बोटाने मोजून बघावा. पुढचा दीडपट दिसत असेल तर त्या फोटोवरून छाती-वशिंडाबद्दल काहीही बोलू नये. शिवाय खोंडाचे पुढचे पाय गोठ्याच्या चौथऱ्यावर होते, मागचे खाली अंगणात. त्याने पाठ पुढून उचललेली दिसते आणि मागचा उतार कुणाच्या लक्षात येत नाही.

शिंगांचा रंग बघून पुतण्याने पहिल्यांदा तोंड उघडले. “डॉक्टर, हा बेंदराचा रंग न्हवं का?” बरोबर होते. अथणीकडे बेंदूर, म्हणजे बैलांचा सण, होतो तो कर्नाटकी, म्हणजे ज्येष्ठी पौर्णिमेला. मागे ऊस गुडघ्याइतका होता. माघात कारखाने चालू असताना उभा ऊस डोक्याच्या वर असतो. म्हणजे फोटो सात-आठ महिन्यांपूर्वीचे. जनावराच्या अंगावरचे मांस त्याच्या निम्म्या वेळात चढते आणि उतरतेही.

आणखी एक गंमत. दोन फोटोंत गोठ्याच्या भिंतीवरची कन्नड अक्षरे उलटी होती. म्हणजे फोटो आरशासारखे फिरलेले. यात फसवणूकच असेल असे नाही, सेल्फी कॅमेऱ्याने काढला की असे होते. पण या खोंडाचे एक शिंग टोकाशी किंचित बाहेर वळलेले होते, आणि ते एका फोटोत डावे, दुसऱ्यात उजवे दिसत होते. आप्पांना वाटले होते की दोन्ही शिंगे सारखीच बाकदार आहेत.

झूल नसलेला एकच फोटो कामाचा निघाला. शरीरस्थितीचे गुण 1 ते 5 या पट्टीवर देतात. 1 म्हणजे नुसता सापळा, 5 म्हणजे दाबूनही हाड बोटाला लागत नाही. वळू कामाला लावायच्या आधी तीन ते साडेतीनच्या दरम्यान असावा. या खोंडाची एकही बरगडी दिसत नव्हती. कमरेच्या आडव्या हाडांची कड पूर्ण बुजलेली, शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना मऊ उंचवटे, छातीची पुढची पोळी भरून लोंबलेली. समोरून पडलेल्या सपाट उजेडाने बरगड्या थोड्या पुसल्या जातात हे धरूनही मी चार दिले. शेपटीजवळचे उंचवटे उजेडाने तयार होत नाहीत.

आप्पांना हे दूषण वाटेना. “भरलाय म्हंजे पोसलाय की.” पोसलाय हे खरेच. पण पोसणे हा मालकाचा गुण, खोंडाचा नव्हे, आणि ते वासरात उतरत नाही. उलट चरबी वळूला नडते. आंड शरीराच्या तापमानापेक्षा चार-पाच अंशांनी थंड राहिले तरच वीर्य नीट तयार होते. आंडांच्या वरच्या मानेत चरबी साठली की ती उष्णता बाहेर पडत नाही. अंगावर वजन जास्त, मागच्या पायांवर भार जास्त, गाईवर चढायला आळस. आणि फोटो बघणाऱ्याच्या दृष्टीने सर्वांत वाईट म्हणजे चरबी सांगाड्याचे दोष झाकते.

इथे एक दोष तरीही झाकला गेला नव्हता. मागचा पाय बाजूने पाहिला तर ढोपराशी हवा तेवढा कोन नव्हता, पाय काठीसारखा सरळ. असा पाय उभ्या फोटोत रुबाबदार दिसतो. पण गाईवर चढताना सगळे वजन याच सांध्यावर येते, आणि सरळ पायाला धक्का जिरवायला जागा नसते.

दुसरा खोंड

याचे दोनच फोटो. मालकाच्या मुलाने भल्या सकाळी, उकिरड्याशेजारी काढलेले, त्यातला एक हललेला. खोंड दाव्याला, अंगावर शेण वाळलेले, शेवटच्या चार-पाच बरगड्या मोजता येतील अशा. डाव्या कुशीत खोल खड्डा. आप्पा म्हणाले तसा हाडकलेलाच.

पण कुशीचा खड्डा शरीरस्थिती सांगत नाही, पोट रिकामे आहे एवढेच सांगतो. सकाळी वैरण टाकायच्या आधी तो कुठल्याही जनावराला असतो, आणि मिठाचे पाणी पाजून तासाभरात बुजवताही येतो. तो सोडून बाकीचे पाहिले : बरगड्या दिसतात, कमरेची हाडे वर आलीत पण टोकदार नाहीत, पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंचे मांस खाली बसले असले तरी खोबण पडलेली नाही, वशिंड लहान झाले तरी एका अंगाला कललेले नाही. अडीच. कमी, पण काळजी करण्याइतके नाही. मालकाने कळवले होते की दिवाळीपासून गावच्या गाई याच्याकडेच येतात आणि खायला बहुतेक उसाचे वाडे, म्हणजे शेंड्याचा हिरवा पाला. मग अडीच नसता तरच नवल. आपल्या भागात गळिताच्या हंगामात वाडे फुकट मिळतात म्हणून जनावर त्यावरच काढतात. वाड्यातली ऑक्झलेटे कॅल्शियम बांधून ठेवतात, प्रथिने तर त्यात नावालाच.

चरबी नसल्याने याचा सांगाडा मात्र उघड्या पुस्तकासारखा वाचता येत होता. पाठ सरळ. वशिंडामागे, पुढच्या पायाच्या मागच्या बाजूला छाती खोल उतरलेली. या ठिकाणी खोंड अरुंद असेल तर कितीही सरकी चारा, ती जागा भरत नाही. मागचा पाय ढोपराशी हवा तसा वळलेला. खूर काळे, आखूड, दोन्ही नख्या जवळ. चेहरा लांबट, कपाळावर मधोमध खाच, शिंगे मुळाशी जवळजवळ आणि मागे जाऊन वर वळलेली. मुतण्याची कातडी पोटाला चिकटून, जी खिल्लारात हवीच. लोंबती असली की काट्याकुट्यात जखम होते.

दोन गोष्टी खटकल्या. आंड फार लहान आणि वर ओढलेले दिसत होते. पण मागे धुके होते, म्हणजे थंडी. थंडीत आंड वर ओढले जातात, उन्हात खाली सुटतात. पहाटेच्या फोटोवरून वळू नापास करणे अन्यायाचे, आणि दुपारच्या एकाच फोटोवरून पास करणेही. दुसरे, फोटो मोठा केल्यावर मानेवर आणि फऱ्यावर रुपयाएवढे चार-पाच गोल, केस नसलेले डाग दिसले. लम्पी या त्वचारोगाचे जुने व्रण असावेत. 2022 साली या साथीने महाराष्ट्र आणि कर्नाटक दोन्ही राज्यांतली जनावरे पोळली. लम्पीचा विषाणू वीर्यातून बाहेर पडू शकतो आणि आंडांना सूज येऊन वळू कायमचा अधूही होऊ शकतो, त्यामुळे हे डाग म्हणजे विचारायचा मोठा प्रश्न होता.

कानात पिवळा बिल्ला होता, त्यावरचे बारा आकडे जवळजवळ वाचता येत होते. पहिल्या खोंडाच्या कानाला नुसते भोक. शोभेसाठी बिल्ला काढतात, पण त्याबरोबर लसीकरणाची आणि वयाची नोंदही हातची जाते.

काय मागवले

पुतण्याने दोन्ही मालकांना सारखाच निरोप धाडला. झूल-माळ काढून, सपाट जमिनीवर, दुपारी बारा-एकला. कॅमेरा खोंडाच्या पोटाच्या उंचीला, चार-पाच मीटर लांब उभे राहून, लागला तर झूम करून. दोन्ही बाजू, समोरून, आणि अगदी मागून, शेपटी बाजूला धरून. खूर दिसतील असे. तोंड उघडून दात. सोबत आजचा पेपर असला तर बरे. आणि कासरा सैल सोडून चालतानाचा व्हिडिओ, कारण कासरा वर ताणला की मान आणि वशिंड टणक दिसते आणि चालही लपते.

अथणीहून परत सजवलेलाच व्हिडिओ आला, मागे हलगी वाजतेय. तरी त्यात एक गोष्ट मिळाली. ओल्या मातीत पुढच्या पायाचा ठसा उमटत होता आणि मागचा पाय त्याच्या वीतभर अलीकडे पडत होता. चांगल्या चालीत मागचा खूर पुढच्याच्या ठशात किंवा किंचित पुढे पडतो. आखूड पडतो याचा अर्थ ढोपर किंवा खुब्याशी काहीतरी दुखते किंवा अडते.

चिकोडीहून सगळे आले, पेपरसकट. दुपारच्या फोटोत आंड सुटून खाली आलेले, दोन्ही सारखे, वर मान स्पष्ट. पण फोटोत आंडाचा आकार दिसतो, घट्टपणा दिसत नाही. मापाचेही तसेच. परदेशी मांसल जातींत दोन वर्षांवरच्या वळूला 34 सेंटिमीटर घेर किमान धरतात. तो आकडा उशिरा वयात येणाऱ्या आपल्या खिल्लाराला जसाच्या तसा लावणे चूक, आणि फोटोवरून तो काढणे त्याहून चूक.

मध्ये गटातल्या एकाने तिसराच विषय काढला, की काळ्या रानाला कृष्णाकाठची जात का नको? ती जात 19व्या शतकाच्या उत्तरार्धात दक्षिण मराठा संस्थानिकांनी गीर, कांकरेज, ओंगोल यांचे रक्त मिसळून जड नांगरटीसाठी घडवली. जनावर दणकट, पण आज तिचा अस्सल वळू मिळणे मुश्कील, आणि गाई खिल्लार असताना तो आणून करायचे काय? तो विषय तिथेच संपला. अथणीच्या खोंडाच्या कपाळावरचा भोवरा शुभ आहे यावर मात्र बराच वेळ गेला. भोवऱ्याबद्दल मी वाद घालत नाही. भोवरा चांगला असून ढोपर सुजलेले असू शकते, एवढेच म्हणालो.

प्रत्यक्षात

दोन्हीकडे गेलो. फोटोवरून निवड करायची नसते. कुठे जायचे नाही आणि गेल्यावर काय विचारायचे एवढे ठरते. अथणीला जायची गरज मला वाटत नव्हती, पण आप्पांचे मन मोडवत नव्हते.

अथणीचा खोंड तोंडी बोलीत चौसा, म्हणजे चार दातांचा होता, तोंडात मात्र सहा दात पुरते आलेले, म्हणजे वय सांगितल्यापेक्षा जास्त. शरीरस्थिती हाताने चारच भरली. उजव्या ढोपरावर लिंबाएवढी मऊ सूज. खोंडाचा मालक अण्णा, माणूस मोकळा होता, चहा झाला, कन्नडमध्ये पावसापाण्याच्या गप्पा झाल्या. पण रक्ततपासणीचे नाव काढताच म्हणाला, “बघून घ्यायचं तर घ्या, सुई लावायची न्हाई.” परतीच्या वाटेवर आप्पा गाडीत काही बोलले नाहीत.

चिकोडीच्या खोंडाला हात लावल्यावर पावणेतीन वाटला. फोटोत वाळलेल्या शेणाने आणि तिरप्या सकाळच्या उजेडाने बरगड्या जास्त उठल्या होत्या. फोटोवरून दिलेल्या गुणात पाव-अर्धा इकडेतिकडे होणारच, म्हणून मी एका फोटोवरून कधी पाव गुणाच्या गोष्टी करत नाही. छातीचा घेर 68 इंच, खांद्याच्या टोकापासून मागच्या हाडापर्यंत लांबी 56 इंच. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले 660, म्हणजे सुमारे 392 किलो. दात चार, तिसरी जोडी हिरडीतून डोकावणारी, म्हणजे सरासरी तीन वर्षे. आंड दोन्ही घट्ट, लवचीक, हाताखाली नीट सरकणारे, गाठ नाही. माजावरची गाय समोर आणल्यावर त्याने वेळ घालवला नाही.

बिल्ल्यावरून दवाखान्यात लाळ-खुरकुताच्या लसीची नोंद सापडली. लम्पी दीड वर्षापूर्वी होऊन गेल्याचे मालकाने स्वतःच सांगितले. ब्रुसेलोसिस या गाभ पाडणाऱ्या संसर्गजन्य रोगासाठी रक्त घेतले. ही तपासणी नरासाठी टाळता येत नाही, कारण वासरपणी याची लस फक्त कालवडींना देतात. नराला दिली तर आंडांनाच सूज येण्याचा धोका असतो. रोग एका वळूतून अख्ख्या गावच्या गाईंत आणि दुधातून माणसांतही जातो. वीर्यही तपासायला दिले. पुढे सरळ हलणारे शुक्राणू किमान 30 टक्के आणि आकाराने निर्दोष किमान 70 टक्के हा जगभर वापरला जाणारा किमान निकष; दोन्ही त्याने ओलांडले. ब्रुसेला नाही.

सौदा पहिल्या खोंडाच्या निम्म्याहून कमीत झाला. अर्धे पैसे लगेच, उरलेले पहिल्या गाई गाभण ठरल्यावर. मालक या अटीला आधी तयार नव्हता, पण खोंडाला यंदा त्याच्याकडे तसेच काम उरले नव्हते.

गावात आणल्यावर तीन आठवडे गाईंपासून वेगळा बांधला. वाडे बंद केले नाहीत, कमी केले. सोबत कडबा, सरकी पेंड आणि रोज 50 ग्रॅम खनिज मिश्रण. दोन महिने एकही गाय नाही. शुक्राणू तयार व्हायला साधारण 60 दिवस लागतात, त्यामुळे आजच्या खुराकाचा गुण वीर्यात दोन महिन्यांनी उतरतो. आप्पांना ही थांबण्याची शिक्षा वाटली. “खाऊन झोपतोय नुस्ता,” म्हणत राहिले, पण पेंड घालायला रोज सकाळी तेच जात होते.

फोटोचा खरा उपयोग पुतण्याने त्यानंतर केला. गोठ्यासमोर चुन्याची एक रेघ मारली, चार मीटरवर दुसरी. महिन्याच्या पहिल्या रविवारी, दुपारी, खोंड एका रेघेवर आणि हा दुसऱ्या रेघेवर; तीच बाजू, तीच उंची, शेजारी इंचांच्या खुणा केलेला बांबू. एकट्या फोटोवर विसंबता येत नाही, पण एकाच जागेवरून घेतलेले चार फोटो शेजारी ठेवले की फरक कुणालाही दिसतो. वैशाखात खोंड सव्वातीनवर आला. त्याच महिन्यात गाई सुरू केल्या, आठवड्याला दोन, फार तर तीन.

आषाढाच्या फोटोत शेवटच्या तीन बरगड्या परत दिसू लागल्या, कमरेची कड धारेला आली. पावणेतीन. पहिल्या लावलेल्या गाईंतल्या दोन उलटल्या, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर आल्या होत्या, बाकीच्यांची गाभण तपासणी झाली आणि मालकाचे उरलेले पैसे गेले. उलटलेल्या दोन्ही गाई वयस्कर होत्या, त्यातल्या एकीचा इतिहासच उलटण्याचा. तरी पुतण्याने आषाढ-श्रावण वळूला सुट्टी देऊन पेंड अर्ध्या किलोने वाढवायचे ठरवले. गटात त्यावरून वाद झाला, दोन घरांच्या गाई माजावर होत्या. त्यांच्यासाठी दवाखान्यातून खिल्लारची कांडी मागवली, आणि ती मिळेपर्यंत एकीचा माज निघून गेला.